स्टीफन राजाची निनावी बखर

‘गेस्टा स्टेफनी’ ही इंग्लंडचा राजा स्टीफन याच्या कारकिर्दीची (1135 ते 1154) लॅटिन बखर. ती त्याच शतकात, घटना ताज्या असताना लिहिली गेली; लिहिणाऱ्याने मात्र आपले नाव कुठेही ठेवले नाही.

बखर सुरू होते ती आधीचा राजा पहिला हेन्री याच्या मृत्यूपासून. त्याचा एकुलता औरस मुलगा 1120 मध्ये जहाज बुडून गेला होता. त्यामुळे मुलगी मटिल्डा हिला वारस ठरवून हेन्रीने सरदारांकडून शपथा घेतल्या. शपथ घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफनही होता. पण मामा गेल्याचे कळताच त्याने लंडन गाठले आणि महिन्याभरात स्वतःच्या डोक्यावर मुकुट चढवून घेतला. 1139 मध्ये मटिल्डा इंग्लंडात उतरली आणि आतेभाऊ-मामेबहिणीच्या भांडणात देश वर्षानुवर्षे होरपळला.

बखरकार स्टीफनच्या बाजूचा. मटिल्डा जर्मन सम्राटाची विधवा, पण तो तिला सम्राज्ञी न म्हणता दुसऱ्या नवऱ्यावरून ‘अंजूची काउंटेस’ म्हणतो. असा पक्षपाती माणूस डोळे मात्र उघडे ठेवतो, हे या ग्रंथाचे मोठेपण. 1136 मध्ये राजाने एक्सेटरच्या बंडखोरांना घातलेला वेढा वाचावा. किल्ल्यातल्या विहिरी आटल्या, तेव्हा आतल्यांनी कणीक दारूत भिजवली, आगीही दारूनेच विझवल्या. शेवटी दोघे जण तहाची बोलणी करायला बाहेर आले. त्यांची लोंबलेली कातडी आणि सुकलेले ओठ राजाचा भाऊ, विंचेस्टरचा बिशप हेन्री, याने हेरले आणि तह करू नका, असा सल्ला दिला. तरीही सरदारांच्या आग्रहापुढे राजा नमला आणि बंडखोर सुटले. राजाचा हा मऊपणा बखरकार झाकत नाही.

1147 चा प्रसंग तर विलक्षणच. मटिल्डाचा चौदा वर्षांचा मुलगा हेन्री भाडोत्री शिपाई घेऊन स्टीफनवर चालून आला. शिपायांचे पगार थकले. आईने आणि मामाने (मटिल्डाच्या अनौरस सावत्र भावाने) हात वर केले. तेव्हा पोराने थेट शत्रूकडेच पैसे मागितले आणि स्टीफनने ते दिले! लोकांनी राजाला पोरकट ठरवले, बखरकाराने मात्र त्याची बाजू घेतली.

शेवटच्या भागात सूर बदलतो आणि तोच हेन्री राज्याचा हक्काचा वारस ठरतो. सुरुवातीचा मोठा भाग 1148 च्या सुमारास आणि उरलेला 1153 नंतर, हेन्रीचे वारसपद मान्य झाल्यावर लिहिला गेला असावा. लेखक म्हणजे बाथचा बिशप रॉबर्ट, असा तर्क इतिहासकार आर. एच. सी. डेव्हिस यांनी मांडला. ग्रंथातली नैर्ऋत्य इंग्लंडची जवळची ओळख त्याला पोषक आहे. ठाम पुरावा नाही.

फ्रान्समधल्या लाँच्या बिशपांच्या ग्रंथालयातल्या अपूर्ण हस्तलिखितावरून आंद्रे दुशेन यांनी 1619 मध्ये ही बखर प्रथम छापली. ते हस्तलिखित पुढे हरवले. विसाव्या शतकात आर. ए. बी. मायनर्स यांना व्हॅलेन्सिएन इथे दुसरी प्रत सापडली. तिच्यात कथा 1154 पर्यंत पोचते आणि 1955 च्या आवृत्तीत हा शेवट पहिल्यांदा छापला गेला.