सर्व्हरचे लॉग १८० दिवस टिकतात का? लिनक्समध्ये कोणती सेटिंग बदलायची, जाणून घ्या

सर्व्हर हॅक झाला की तपासात पहिला प्रश्न येतो : लॉग आहेत का? उत्तर 'नाही' असेल, तर कोण शिरलं, कधी शिरलं आणि काय नेलं, हे शोधणं जवळपास अशक्य होतं. लॉग म्हणजे संगणकाची रोजनिशी. कोणी लॉगइन केलं, कोणती सेवा बंद पडली, याची त्यात वेळेसह नोंद असते.

नियम काय आहे?

'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक आहे. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. घरगुती वापरकर्त्यांना हा नियम लागू नाही.

अडचण कुठे आहे?

उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये 'लॉगरोटेट' दर आठवड्याला नवी लॉग फाइल सुरू करतं आणि जुन्या ४ फाइलच ठेवतं. म्हणजे साधारण महिनाभरापूर्वीच्या नोंदी पुसल्या जातात. दुसरी नोंद 'जर्नल-डी' ठेवतं. त्याला डिस्कच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त ४ जीबी जागा मिळते. ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी आधी जातात. काही सिस्टीमवर जर्नल फक्त मेमरीत असतं, रीस्टार्ट केलं की गायब.

काय बदलाल?

- लॉगरोटेटच्या आरसिसलॉग फाइलमध्ये 'रोटेट ४' ऐवजी 'रोटेट २६' करा. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस.
- जर्नल-डीच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'स्टोरेज' पर्याय 'पर्सिस्टंट' ठेवा आणि 'सिस्टीम मॅक्स यूज' वाढवा. त्यानंतर जर्नल-डी सेवा रीस्टार्ट करा.
- आरसिसलॉगमधून नोंदींची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा. हल्लेखोराला रूट अधिकार मिळाले, तर तो त्याच मशीनवरचे लॉग पुसू शकतो.
- घड्याळ एनटीपीशी जुळवा. दोन सर्व्हरच्या वेळा वेगळ्या असतील, तर घटनाक्रम लागत नाही.

खात्री कशी कराल?

सेटिंग बदलल्यावर डिस्कवर किती जागा उरते, ते महिनाभर पाहा. डिस्क पूर्ण भरली तर नव्या नोंदीही थांबतात. सहा महिन्यांनी सर्वांत जुन्या नोंदीची तारीख तपासा. ती १८० दिवसांच्या आतली निघाली, तर जागेची मर्यादा आणखी वाढवावी लागेल.