मोगूबाईंची तालीम

गायिका मोगूबाई कुर्डीकरांची ओळख आता बहुधा ‘गायिका किशोरीताई आमोणकरांच्या आई’ एवढीच करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. शिकवणाऱ्या मोगूबाई समजायच्या तर आधी शिकणाऱ्या मोगूबाई पाहाव्या लागतात.

जन्म 1904चा, गोव्यातल्या कुर्डीचा. (साळावली धरणात हे गाव पुढे बुडालं.) मुलीने गायिका व्हावं हा आई जयश्रीबाईंचा ध्यास, पण मोगू दहाएक वर्षांची असतानाच त्या गेल्या. मग नाटक मंडळ्यांतली कामं, आणि पुढे सांगली. तिथे घरी रियाज चालला असताना रस्त्याने जाणाऱ्या, जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी तो आवाज पडला आणि त्यांनी आपण होऊन शिकवायला घेतलं.

खाँसाहेब मुंबईला गेले, मागोमाग मोगूबाईही गेल्या. तिथे मात्र तालीम खंडित झाली. एका शिष्येला शिकवायचं तर दुसरीला शिकवायचं नाही, असल्या अटी त्या काळी घातल्या जात आणि पाळल्याही जात. मोगूबाई मग आग्रा घराण्याच्या बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिकल्या, खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडेही शिकल्या. अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला, म्हणजे रीतसर शिष्यत्व मिळालं, ते 1934 साली. 1939 साली पती माधवदास भाटिया वारले. पदरात तीन मुलं. तरी 1946 मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत तालीम सुटली नाही.

मोगूबाईंच्या लयीचा दबदबा होता. विलंबित तीनतालात आकाराची गुंफण करत मात्रेमात्रेचं भान ठेवून समेवर येणं हे जयपूरचं खरं. पण त्या लयीत आग्र्याच्या तालमीचाही वाटा असावा, असं मला वाटतं. नाइलाजाने झालेला घराण्याबाहेरचा प्रवास फुकट गेला नाही.

शिष्यांच्या ‘माई’ शिकवायला कडक. स्थायी-अंतरा त्या फार तर दोनदा म्हणून दाखवत, तिसऱ्यांदा नाही, असं किशोरीताई सांगत. ऐकणाऱ्याने कान इतके टवकारायचे की दुसऱ्या खेपेला जागा गळ्यात बसलीच पाहिजे. वहीचा आधार नाही, समजावून सांगणं बेताचंच. आजच्या रेकॉर्डिंगच्या सोयीत ही पद्धत जाचक वाटेल. पण स्मरणशक्ती हाच गाण्याचा पाया मानला तर तिला तोड नाही.

इतक्या कडक बाईंनी मुलीला मात्र घराण्याच्या कुंपणात कोंडलं नाही. भेंडीबाजारच्या अंजनीबाई मालपेकर, आग्र्याचे अन्वर हुसेन खाँ, ग्वाल्हेरचे शरच्चंद्र आरोळकर अशा गुरूंकडूनही किशोरीताईंना विद्या मिळाली. इतर शिष्यांकडे पाहा: बबनराव हळदणकर खादिम हुसेन खाँकडे जाऊन आग्र्याचे झाले, पद्मा तळवलकरांनी गजाननराव जोशींकडून ग्वाल्हेर घेतलं, कमल तांबे जयपूरलाच धरून राहिल्या. पाया एक, गाणी निराळी. छाप मारणारा गुरू मोठा मानायची आपल्याला सवय आहे. माझ्या मते मोगूबाई त्याहून मोठ्या होत्या.

1968 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1974 साली पद्मभूषण मिळालं. 10 फेब्रुवारी 2001 रोजी त्या गेल्या. त्यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच आहेत, म्हणून त्या ऐकाच. पण त्याच बैठकीत हळदणकर, तांबे आणि तळवलकर हेही लावा, आणि तिघांची लय तेवढी धरून ऐका.