ग्राहक उडवला, मग उधारीचं काय?

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे: डेटाबेसमधल्या पेरेंट आणि चाइल्ड नोंदी. पण इथे चूक झाली तर एखाद्याचे पैसे बुडतात, म्हणून नीट ऐका.

समजा, किराणा दुकानासाठी उधारीचं अ‍ॅप बनवायचंय. टेबलं दोन: 'ग्राहक' आणि 'उधारी'. ग्राहकाची नोंद एकदाच, तिला स्वतःचा आयडी. ही प्रायमरी की. उधारीच्या नोंदी मात्र कितीही, आणि प्रत्येकीत ग्राहकाचा आयडी लिहिलेला. ही फॉरेन की. ग्राहक पेरेंट, उधारी चाइल्ड. गंमत बघा, पेरेंटकडे मुलांची यादी नसते. मूलच पेरेंटचं नाव सांगतं. त्यामुळे उधाऱ्या 2 असोत की 2000, ग्राहकाच्या नोंदीला हात लावावा लागत नाही.

नवीन नोंद करताना आधी ग्राहक, मग उधारी. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका. मध्येच फोन बंद पडला तर अर्धवट काही उरत नाही.

खरी परीक्षा डिलीट करताना. 12 नंबरच्या ग्राहकाकडे 850 रुपये बाकी आहेत आणि कुणीतरी त्याची नोंद उडवली. आता काय? तुम्ही आधी काय ठरवलंय, त्यावर आहे.

रिस्ट्रिक्ट असेल, तर डेटाबेस सरळ नाही म्हणतो: आधी उधारीचं बघा. कॅस्केड असेल, तर ग्राहकाबरोबर 850 रुपयांची नोंदही गायब, विचारणार कोण? सेट नल असेल, तर रक्कम राहते, पण कुणाकडून घ्यायची ते कळत नाही.

मग निवडायचं कसं? पेरेंटशिवाय मुलाला अर्थच नसेल, जसं रद्द केलेल्या कच्च्या बिलातल्या ओळी, तर कॅस्केड चालेल. बिल कुणी लिहिलं, तो नोकर सोडून गेला, तर सेट नल. पैशाचा हिशेब असेल तिथे रिस्ट्रिक्टच. आणि ग्राहक यादीत नको असेल, तर उडवू नका. 'बंद' अशी खूण करा.

आता एक खाच. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत एसक्यूलाइट हा डेटाबेस असतो. त्यात फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते! प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर 'प्राग्मा फॉरेन कीज' चालू करावं लागतं. नाही केलं, तर वरचे सगळे नियम नुसते कागदावर. ग्राहक जातो, उधारी अनाथ होते. मग ग्राहकवार बेरीज एक येते आणि उधारी टेबलची बेरीज दुसरी.

आणखी एक. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स आपोआप बनत नाही, तो स्वतः टाका. नाहीतर नोंदी वाढल्या, की पेरेंट डिलीट करताना अख्खं चाइल्ड टेबल चाळलं जातं. मायएसक्यूएलचं इनोडीबी मात्र तो स्वतःच बनवतं.

आजचं काम: तुमच्या प्रोजेक्टमध्ये उधारीला ग्राहक लेफ्ट जॉइन करा आणि ग्राहक नल येणाऱ्या ओळी मोजा. शून्य आल्या तर उत्तम. नसतील, तर आधी त्या ओळींचे धनी शोधा, मग तपासणी चालू करा. भेटूया पुढच्या भागात!