लंडन तीन महिने का अडलं?

संगणकावरच्या खेळात हौशी मंडळी पदरची भर घालतात, तिला 'मॉड' म्हणतात. 'फॉलआउट ४' हा २०१५चा खेळ घडतो बॉस्टनमध्ये. काही हौशींनी वर्षानुवर्षं बिनपगारी खपून त्याच्यावर उद्ध्वस्त लंडन उभं केलं. २३ एप्रिल २०२४ हा मुहूर्त ठरला आणि मूळ कंपनीने जाहीर केलं, २५ एप्रिलला खेळाची सुधारित आवृत्ती येणार!

सुधारणेने बिघडतं काय, असं आपल्याला वाटेल. पण असे मोठे मॉड बहुधा ज्या 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर'वर चालतात, तो मूळ प्रोग्रॅममधलं कोणतं काम मेमरीत कुठल्या पत्त्यावर आहे हे धरून चालतो. प्रोग्रॅम नव्याने बांधला, की पत्ते सरकतात. पोस्टमन नेहमीच्याच दारी जातो. दार उघडतं भलतंच कुणीतरी.

लंडन अखेर २५ जुलैला आलं, तेही खेळ जुन्या आवृत्तीवर मागे नेण्याच्या सोयीसह. खेळ कंपनीचा, सुधारणाही फुकट. दोष तरी कसा द्यावा? तरीही मला विचाराल तर नवी आवृत्ती देताना जुनी निवडण्याची मुभा ग्राहकाला हवीच. मी तूर्त चालता खेळ फोल्डरसकट दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवतो.