शाळेतली खिचडी

माझी सारी नोकरी नगरपालिकेच्या शाळांत गेली. एकदा दुसऱ्या तासाला पेंगणाऱ्या एका मुलाला मी बाकावर उभे केले. मागाहून कळले, पोर घरून नुसत्या कोऱ्या चहावर येई!

1995 साली सरकारी योजना आली. पण मिळे तो महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ. तो घरी जाई नि साऱ्या कुटुंबात वाटला जाई. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या, असे बजावले. पुढे शाळेत चूल पेटली. खिचडीला नावे ठेवणारे पुष्कळ. मीही ठेवी; कधी ती करपलेली असे. पण सुट्टीनंतर गणिताच्या तासाला हात वर होऊ लागले, हे मी डोळ्यांनी पाहिले.

ते पोर मात्र त्याआधीच शाळा सोडून गेले होते.