खरी शर्यत ब्रेक के बाद!

जेवण उरकायचं, ऑफिसचा लॅपटॉप मिटायचा आणि रात्री साडेअकराला अमेरिकेतल्या ट्रॅकवर रेस लावायची... ऑनलाइन सिम रेसिंगवाल्यांचं हे वेड लांबून गेमसारखंच दिसतं. पण इथे फास्ट व्हायचं असेल तर आधी नीट थांबायला शिकावं लागतं, बॉस!

रोड रॅश आणि नीड फॉर स्पीडवर आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण गेलंय. वरच्या बाणाचं बटण दाबून धरायचं, भिंतीला घासत वळायचं आणि कितीही आपटलो तरी गाडी पुन्हा पळायला तयार! त्या जोरावर जो कुणी पहिल्यांदा सिम रेसिंगच्या स्टिअरिंगवर बसतो, त्याचा पाच मिनिटांत पार कचरा होतो. पहिला गीअर, दुसरा गीअर, पहिलं वळण... आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी. मग ठरलेला डायलॉग, 'काय फालतू गेम आहे, गाडी वळतच नाही!'

गाडी वळते. खरी गाडी जशी वळेल तशी वळते, एवढंच.

ही तक्रार तशी जुनी आहे. १९९८ मध्ये 'पापिरस' या अमेरिकन कंपनीने 'ग्रां प्री लेजंड्स' नावाचा गेम काढला होता. त्यात १९६७ च्या फॉर्म्युला वनच्या गाड्या होत्या. दणकट इंजिन, बारीक टायर आणि गाडीला जमिनीवर दाबून धरणारे पंख वगैरे काही नाही. भल्याभल्यांना त्यात एक लॅपसुद्धा धड पूर्ण करता येईना. पापिरसच्या संस्थापकांपैकी एक डेव्ह केमर. त्याने पुढे जॉन हेन्रीबरोबर (हो, लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मालकांपैकी एक, तोच हा) २००८ मध्ये 'आयरेसिंग' सुरू केलं. त्याआधी २००५ मध्ये 'आरफॅक्टर' आलं होतं. २०१४ मध्ये इटलीच्या कुनोस कंपनीचं 'असेटो कोर्सा' आलं आणि २०१९ मध्ये त्याचंच फक्त जीटी गाड्यांसाठीचं भावंड 'कॉम्पिटिझिओने'. सिम रेसिंगवाल्यांच्या गप्पांत ही नावं सतत येतात.

खरं चित्र बोअर असतं!

'रिअॅलिझम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चकचकीत ग्राफिक्स येतात. पावसाचे थेंब, बॉनेटवरचं ऊन वगैरे. सिमवाल्यांना त्याचं फारसं कौतुक नसतं. त्यांना हवा असतो ट्रॅकवरचा प्रत्येक उंचवटा. त्यासाठी खऱ्या ट्रॅकचं लेझर स्कॅनिंग होतं आणि डांबरातला खड्डा, कडेच्या कर्बची उंची, रस्त्याचा तिरकेपणा अगदी बारकाईने मोजून गेममध्ये उतरवला जातो. ब्रेक मारताना एखाद्या ठिकाणी खरी गाडी दचकत असेल, तर तुमचीही तिथेच दचकणार.

दुसरी गंमत स्क्रीनची. नवखा माणूस सेटिंगमध्ये जाऊन नजरेचा कोन जमेल तेवढा रुंद करतो, कारण मग सगळं सुसाट पळतंय असं वाटतं. पण त्याने अंतराचा अंदाजच बिघडतो. वळण आहे त्यापेक्षा लांब दिसतं आणि ब्रेक मारायचा नेमका क्षण रोज वेगळा वाटतो. स्क्रीन केवढी आणि ती डोळ्यांपासून किती लांब, यावरून तो कोन काढावा लागतो. हिशेबाने आलेलं चित्र बघून पहिल्यांदा हिरमोड होतो, कारण ते अरुंद असतं, संथ वाटतं. पण दोन दिवसांत गाडी त्याच जागी वळायला लागते!

सोळा आण्यांचा हिशेब

आता मेन फण्डा. आयरेसिंगवर आलेल्या नवशिक्याच्या हाती सुरुवातीला माझदा एमएक्स-५ ही छोटी, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी येते. सोबत मिळणाऱ्या ट्रॅकपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा लाइम रॉक. जेमतेम अडीच किलोमीटरचा. डावं वळण फक्त एक, बाकी सगळी उजवी. वाटतं की हे तर काय, आपल्या सोसायटीच्या गेटमधून आत वळण्यासारखं! पण सरळ रस्ता संपताच 'बिग बेंड' येतं. लांबलचक, संपता न संपणारं उजवं वळण. शिकायचं ते इथेच.

टायरकडे समजा सोळा आणे पकड आहे. सोळाच्या सोळा आणे ब्रेकवर उडवले, तर वळायला खिशात काही उरत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. म्हणून पहिला धडा असतो, सरळ रस्त्यावर ब्रेक मार, ब्रेक सोड, मग वळ. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनीही आपल्याला हेच सांगितलेलं असतं. पण रेसमध्ये असं वळणाऱ्याला कुणीही मागे टाकतं, आणि त्याचं कारण मस्त आहे.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांची पकड वाढते. झटक्यात ब्रेक सोडला की नाक वर, पुढची चाकं हलकी. म्हणजे नेमकं वळायच्या वेळी आपणच त्यांची पकड काढून घेतो! मग गाडी वळणाच्या बाहेर बाहेर सरकत जाते. यावरचा उपाय म्हणजे 'ट्रेल ब्रेकिंग'. सरळ रस्त्यावर ब्रेक जोरात मारायचा आणि स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय हळूहळू उचलायचा. ब्रेकचे चार आणे सुटले की ते वळण्यात घालायचे, आणखी चार सुटले की तेही. शेवटचा थोडासा दाब अगदी वळणाच्या आतल्या टोकापर्यंत पुरवायचा.

वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाय एवढा बारीक ऐकत नाही. दाब थोडा जास्त वेळ राहिला तर वजन पुढेच अडकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. अशा वेळी घाबरून सगळंच सोडून देणं हा माणसाचा स्वभाव! भर वळणात अॅक्सिलरेटरवरून पाय झटक्यात काढलात तर वजन आणखी पुढे जातं आणि उरलीसुरली आशाही संपते. ब्रेक कुठे मारायचा हे पन्नास लॅपमध्ये समजतं. तो कसा सोडायचा, यात महिने जातात.

बरं, गाडी सुटतेय हे कळणार कसं? खऱ्या ड्रायव्हरला ते सीटमधून, पाठीतून, पोटातून कळतं. घरच्या खुर्चीत तसलं काही नाही. तिथे हात आणि कान कामाला लावायचे. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हातात अचानक हलकं होतं. टायरचा आवाजही बदलतो. पकड आहे तोवर कुरकुर, संपली की किंकाळी. त्यामुळे रेस चालू असताना मागे गाणी लावणाऱ्या सिमवाल्याला मी तरी सीरिअसली घेत नाही!

खुर्ची पळाली मागे

पैशांचं म्हणाल तर या छंदाला तळ नाही. लॉजिटेकच्या जी-२९ सारख्या टेबलाला आवळायच्या चाकापासून सुरुवात होते. पुढे 'डायरेक्ट ड्राइव्ह' येतं, म्हणजे स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेलं. ते मनगट पिरगाळू शकतं, थट्टा नाही. पण पहिला जादाचा खर्च कशावर करायचा यावर मुरलेली मंडळी बहुतेक वेळा एकच उत्तर देतात, ब्रेकचं पेडल. स्वस्त पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं. 'लोड सेल' बसवलेलं पेडल पायाचा जोर मोजतं. रेसच्या गाडीचा ब्रेक दगडासारखा घट्ट असतो, तो जोरानेच मारावा लागतो आणि पायाला अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात राहतो. तोटा एकच. ऑफिसची चाकं लावलेली खुर्ची असेल तर ब्रेक दाबला की आपणच मागे! मग खुर्चीच्या चाकांखाली जुने बूट वगैरे सारणं आलंच. खालच्या मजल्यावरच्या काकूंना रात्री बाराला धाडधाड का ऐकू येतं, हे त्यांना समजावणं हा आणखी वेगळा विषय.

चूक कुणाचीही असो

एकट्याने लॅप मारणं आणि वीस अनोळखी लोकांबरोबर पहिल्या वळणात शिरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयरेसिंगवर प्रत्येकाला लायसन्स असतं. रूकीपासून सुरू, मग डी, सी, बी, ए. वर चढायचं तर 'सेफ्टी रेटिंग' हवं. ट्रॅकबाहेर गेलात की एक पॉइंट, गाडीवरचा ताबा गेला की दोन, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात की चार. आणि यातली खरी मेख अशी की चूक कुणाची हे बघितलंच जात नाही. धडकणारा आणि धडक खाणारा, दोघांनाही चार!

आपल्याकडे सिग्नलला गाडी घासली की आधी गर्दी जमते, मग पंचनामा, मग 'माझी साइड होती'. इथे बाजू बरोबर असल्याचं काही बक्षीस नाही. अन्याय वाटतो ना? पण याने माणूस बदलतो. पुढचा घाबरलेला दिसला की अंतर ठेवायचं, आत घुसणाऱ्याला जागा द्यायची, पहिलं वळण फक्त जिवंत बाहेर पडण्यासाठी, हे आपोआप येतं. शिवाय इंटरनेटचा घोळ आहेच. सर्व्हर लांबचा असेल तर समोरच्या गाडीची जागा हा तुमच्या कॉम्प्युटरने बांधलेला अंदाज असतो. तुमच्या स्क्रीनवर वीतभर जागा शिल्लक दिसतेय आणि पोलंडमधल्या कुणाच्या तरी स्क्रीनवर तुम्ही त्याला धडकलात, असं होऊ शकतं. आपल्याकडून खेळणाऱ्याने म्हणूनच हातभर अंतर जास्त ठेवलेलं बरं. समोरच्यानेही तुमच्यासारखीच झोप मोडून अर्धा तास काढलेला असतो.

आणि खऱ्या ट्रॅकवर?

हा प्रश्न घरचे विचारतातच. उत्तर 'हो' च्या बाजूने झुकतं. निसान आणि प्लेस्टेशनने २००८ मध्ये जीटी अॅकॅडमी सुरू केली. तिचा पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ, एमबीएचा विद्यार्थी. २०११ मध्ये तो ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. अमेरिकेचा विल्यम बायरन घरी आयरेसिंगवर गाडी चालवायला शिकला. त्याने २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० जिंकली.

उलटा प्रवास मात्र सगळ्यांना झेपत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये फॉर्म्युला ई च्या ऑनलाइन शर्यतीत डॅनियल अॅब्ट या व्यावसायिक ड्रायव्हरने स्वतःच्या जागी चक्क एका सिम रेसरला बसवलं. कॉलेजातली प्रॉक्सी, दुसरं काय! नंबर तिसरा आला, पण चोरी पकडली गेली. दहा हजार युरो दंड, वर ऑडीने निलंबित केलं.

मग सिममध्ये नाही ते काय? मान मोडेल असा जी-फोर्स नाही, कॉकपिटमधली भट्टी नाही. आणि भीती नाही. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लायफे म्हणजे जंगलातून जाणारा जवळपास २१ किलोमीटरचा ट्रॅक. त्यावर फ्लुगप्लाट्झ नावाची जागा आहे. तिथल्या चढावर गाडी हलकी होते. सिममध्ये तिथे आपटलात तर एक बटण दाबायचं, गाडी पुन्हा पिटमध्ये नवी कोरी. जीटी अॅकॅडमीचाच २०११ चा विजेता यान मार्डेनबरो मार्च २०१५ मध्ये खऱ्या गाडीतून तिथे आला, गाडीचं नाक हवेत उचललं गेलं आणि ती कुंपणापलीकडे जाऊन पडली. एक प्रेक्षक ठार झाला. २०२३ च्या 'ग्रान टुरिस्मो' या सिनेमात हा अपघात त्याच्या ले मान्सच्या यशाच्या आधी दाखवलाय. प्रत्यक्षात ते यश २०१३ चं, अपघात दोन वर्षांनंतरचा.

याच नॉर्डश्लायफेवर मॅक्स व्हरस्टॅपनने सिममध्ये अगणित लॅप मारल्यात. मे २०२४ मध्ये त्याची टीम रेडलाइन नुर्बुर्गरिंगची २४ तासांची ऑनलाइन शर्यत जिंकली आणि त्याच रविवारी तो इमोलाची खरी ग्रां प्रीही जिंकला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला नॉर्डश्लायफेवर खरी जीटी-३ गाडी चालवायची होती, तेव्हा तिथल्या नियमांनी चार वेळच्या विश्वविजेत्याला आधी परवाना काढायला लावला. सिममधले लॅप त्या खात्यात जमा होत नाहीत. ताकद कमी केलेली पोर्शे घेऊन तो निमूटपणे एक शर्यत पळाला. दोन आठवड्यांनी, २७ सप्टेंबरला, फेरारी घेऊन आला आणि पहिल्याच फटक्यात चार तासांची शर्यत जिंकला. गाडीत आलटून पालटून बसणारा त्याचा जोडीदार होता ख्रिस लुलहॅम. टीम रेडलाइनचाच सिम रेसर!