अंडी घालण्यापूर्वी : कीटकशास्त्राच्या नजरेतून मासेमारी

कीड व्यवस्थापनातील बहुतेक उपायांमागे एकच हेतू असतो : किडीची पुढची पिढी निर्माण होऊ द्यायची नाही. घाटेअळीची एक मादी अल्प आयुष्यात शेकडो अंडी घालते. म्हणूनच आपण कामगंध सापळ्यांत नर पकडतो, पाने खाणाऱ्या अळीचे अंडीपुंज वेचतो आणि फवारणी अळी लहान असतानाच करावी, असे सांगतो. अंडी घालण्यापूर्वीच जीव संपवला की त्या प्रजातीची संख्या झपाट्याने घटते, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

समुद्रात मात्र हाच उपाय आपण नकळत माशांवर योजत आहोत.

समुद्र हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. कायटिनच्या निर्मितीत अडथळा आणणाऱ्या कीटकनाशकांचे साहित्य वाचताना अळ्यांच्या बरोबरीने वारंवार खेकडे आणि कोळंबी भेटू लागली, आणि तिथून मन समुद्राकडे वळले ते वळलेच. आता कामानिमित्त किनाऱ्यालगत मुक्काम पडला की पहाटेचा मासळीचा लिलाव चुकवायचा नाही, असा माझा नेम आहे. पिशवीत मोजपट्टी असते. टोपलीतील मासे मोजणारी बाई पाहून विक्रेत्यांना प्रथम गंमत वाटते. मग तेच पूर्वीचे मासे केवढे असत ते हाताने दाखवू लागतात.

मोजपट्टीला कायद्याचा आधार आहे. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे केरळने 2015 साली माशांची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. तारलीसाठी ती 10 सेंमी, बांगड्यासाठी 14 सेंमी आहे. प्रारंभी 14 प्रजातींना लागू असलेला हा नियम पुढे 58 प्रजातींपर्यंत वाढला. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी अशी मर्यादा जाहीर केली. त्यात पापलेटसाठी 135 मिमी आहे. शेतकऱ्याच्या भाषेत हा आर्थिक नुकसान पातळीचा उलटा नियम म्हणता येईल. तिथे पातळी ओलांडली की फवारायचे. इथे लांबी पुरी झाली तरच पकडायचे.

केरळच्या तारलीचे उदाहरण बोलके आहे. 2012 मध्ये त्या राज्यात सुमारे 3.9 लाख टन तारली किनाऱ्यावर उतरली. 2021 मध्ये केवळ 3,297 टन. याचे खापर एकट्या मासेमारीवर फोडणे योग्य नाही. पाऊस, एल निनो आणि पाण्याचे तापमान यांनुसार तारलीचे प्रमाण पूर्वापार वरखाली होत आले आहे. परंतु साठा खालावलेला असताना पिल्लेही जाळ्यात गेली, तर तो सावरणार कशाच्या बळावर?

पिल्ले जाळ्यात येतात ती मुख्यतः आसामुळे, म्हणजे जाळ्याच्या विणीतील भोकामुळे. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे आस 40 मिमीचे आणि चौकोनी असावे, अशी शिफारस आहे. हिऱ्याच्या आकाराचे आस जाळे ओढले जाताना ताणून मिटते. चौकोनी आस उघडे राहते आणि लहान मासा निसटतो. मग बारीक आसाची जाळी का वापरली जातात? कारण लहान माशालाही गिऱ्हाईक आहे. जो ताटात येत नाही, तो फिशमील कारखान्यात जातो आणि कोंबडीच्या किंवा कोळंबीच्या खाद्यातून शेतावर परततो. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेला कुक्कुटपालकही अशा रीतीने या व्यवहारात सामील असतो.

येथे कीटकशास्त्राला काही देता येईल. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या भाजीपाल्याच्या टाकाऊ भागावर वाढतात आणि त्यांच्या कोरड्या वजनात सुमारे 40 टक्के प्रथिने असतात. ही माशी पिकाची कीड नाही. फिशमीलची संपूर्ण जागा ती लगेच घेईल असे मी म्हणणार नाही, पण काही भाग नक्कीच घेऊ शकते.

आता फवारणीविषयी. कीटक, कोळंबी आणि खेकडे हे तिन्ही संधिपाद. तिघेही कात टाकून वाढतात आणि तिघांचेही कवच कायटिनचे. म्हणून डायफ्लुबेन्झुरॉन, नोव्हाल्युरॉन किंवा ल्युफेन्युरॉन ही रसायने अळीची कात अडवतात तशी खेकड्याच्या पिल्लाचीही अडवतात. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड कोळंबीला आणि माशांना अत्यंत विषारी आहेत. डब्यावरील त्रिकोणाचा रंग सस्तन प्राण्यांवरील तीव्र विषबाधेवरून ठरतो. त्रिकोण निळा किंवा हिरवा आहे एवढ्यावरून ते औषध खाडीला निर्धोक ठरत नाही. शेतकरी मेळाव्यांत हे आवर्जून सांगावे. पंप ओढ्यात धुऊ नये, पाऊस येण्याची चिन्हे असताना फवारू नये, नाल्याकाठी गवताचा पट्टा राखावा.

संयमाचे फळ मिळते, याचा दाखला केरळातील अष्टमुडी खाडीत आहे. तेथे तिसऱ्यांच्या प्रजननाच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, त्या काढणे बंद ठेवले जाते. 2014 साली या तिसऱ्यांना शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हा बंदीकाळही त्याच विचाराचा आहे.

खरेदीच्या वेळी खेकड्याची मादी उलटी करून पाहावी. पोटाखाली अंड्यांचा पुंजका असेल तर ती घेऊ नये. अंडी आरंभी पिवळी-नारिंगी असतात, पुढे तपकिरी होतात. काळपट राखाडी दिसू लागली म्हणजे पिल्ले बाहेर पडायला थोडेच दिवस उरलेले असतात.